दोनशे खाटांचा श्वास

सिनेमातल्या माणसांनी माणसांसारखं खायचं नाही, असं दिग्दर्शकाने ठरवलं होतं. त्यामुळे मास्तरांची मुलगी मंगळवारी सकाळपासून टबात कोपरापर्यंत हात घालून शिळ्या पावाचा लगदा कालवत उभी होती. समोर पडद्यावर चाळीस म्हातारी माणसं एका लांबलचक पन्हळीत तोंड खुपसून करड्या रंगाचं काहीतरी चाटत होती. शूटिंगच्या वेळी त्यांच्या चाटण्याचा आवाज नीटसा आलाच नव्हता. आला होता तो छतावरच्या पंख्यांचा आणि कुणाच्या तरी खोकल्याचा. असा खरा आवाज टाकून द्यायचा आणि त्याहून खरा वाटणारा दुसरा आवाज बंद खोलीत हातापायांनी तयार करायचा, हा तिचा धंदा. धंद्यात याला फोली म्हणतात. पडद्यावर नायक जिना चढतो तेव्हा पावलं भलत्याच कुणाची असतात. कुणाचं हाड मोडतं तेव्हा खोलीत कुणीतरी ओल्या फडक्यात गाजर गुंडाळून पिळलेलं असतं.

तिच्या वडिलांनी हे काम एकेचाळीस वर्षं केलं. ते सगळ्यांचे मास्तर. तीही याच खोलीत अठरा वर्षं राबत होती, तरी सगळ्यांच्या लेखी ती मास्तरांची मुलगीच राहिली, आणि तिने त्याबद्दल कधी नाक मुरडलं नव्हतं. मास्तरांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते. हा सिनेमा त्यांनी अर्धा करून सोडला होता. उरलेला अर्धा तिच्या गळ्यात पडला होता.

"अजून चिकट हवं," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला. "ऐकणाऱ्याला पोटातून ढवळून आलं पाहिजे, ताई."

"मला आलंय," ती म्हणाली. "तेवढं पुरेल का?"

तो मनापासून हसला. माणूस तसा सभ्य होता. पांढराशुभ्र शर्ट घालायचा, दाराच्या कडीला हात लागला की खिशातली सॅनिटायझरची बाटली काढून तळवे चोळायचा, आणि पडद्यावर मात्र त्याला घाणीशिवाय काही सुचत नव्हतं. त्याच्या सिनेमातल्या शहरात हवा सरकारच्या ताब्यात होती. प्रत्येकाच्या तोंडावर पत्र्याचा मुखवटा, मुखवट्याला नळी, नळीला तोटी. माणूस कामाचा आहे तोवर तोटी उघडी. कामातून गेला की त्याला एका मोठ्या दालनात नेऊन खाटेवर निजवायचं आणि तोटी रोज थोडी थोडी आवळत जायची. शूटिंगला आलेल्या म्हाताऱ्यांना आठ-आठ तास तेलकट काळ्या रंगाने माखून ठेवलं होतं. दोघींच्या मानेवर फोड आले, तेव्हा दिग्दर्शकाने कॅमेरा आणखी जवळ न्यायला लावला. हे तिला मेकअपवालीने सांगितलं होतं, आणि सांगताना मेकअपवालीने स्वतःच्याच हातांकडे बघून तोंड वाकडं केलं होतं.

टेबलावरचा फोन थरथरला. बरबटलेले हात पुसून तिने तो उचलला. आई होती.

"शुक्रवारी स्टुडिओतला खेळ कितीला आहे गं?"

"अकराला. पण आई, फार घाणेरडा सिनेमा आहे. तू नाही आलीस तरी चालेल."

"घाणेरडा म्हणजे? उघडेनागडे लोक?"

"तसला नाही. म्हातारी माणसं, आजार. किळसवाणा आहे नुसता."

"मी म्हातारीच आहे. मला काय त्यात नवीन," आई म्हणाली. "एकेचाळीस वर्षं यांचं नाव शेवटी आलं. थिएटर रिकामं व्हायचं, झाडूवाले दारात येऊन उभे राहायचे, आणि आम्ही दोघं आपले खुर्च्या धरून बसलेलो, नाव येईपर्यंत. एकदा तर एक जण म्हणाला, आजी, सिनेमा संपला. हे म्हणाले, माझा आत्ता सुरू होतोय. या वेळी पहिल्यांदा नाव सुरुवातीला येणार म्हणतोय ना तो तुमचा दिग्दर्शक? मास्तरांना अर्पण म्हणून? मी येणार. तू आणायला नाही आलीस तर माझी मी येईन."

"येते आणायला," ती म्हणाली आणि पुन्हा टबात हात घातले.

पाचव्या रीलमध्ये त्या दालनाचा प्रसंग होता. तिथे तिला फक्त चादरींची सळसळ भरायची होती. बाकीचं तयार आहे, असं कानसेनने सांगितलं होतं. कानसेन हा वडिलांचा बावीस वर्षांचा साथीदार. आवाज वडील काढायचे, टिपायचा कानसेन. दोन बंद दारांपलीकडे पडलेली टाचणी त्याला ऐकू येते म्हणून मास्तरांनीच त्याचं हे नाव ठेवलं होतं, आणि आता त्याची बायकोसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारायची.

"श्वास लावून ठेव," ती म्हणाली. "चादरी श्वासांच्या मधेमधे बसायला हव्यात."

"नुसत्या चित्रावर कर ना. मी बसवतो नंतर."

"का?"

"अगं, जेवायची वेळ झाली. आता कशाला ते."

"लाव, दादा."

त्याने लावलं. पडद्यावर दोनशे खाटा होत्या. कॅमेरा वरून संथ सरकत होता आणि दोनशे मुखवट्यांमधून एकच श्वास येत होता, थोडा पुढेमागे करून दोनशे वेळा पसरलेला. ते काय आहे हे कानांच्या आधी तिच्या छातीला कळलं. तिचा स्वतःचा श्वास त्याच्याबरोबर चढायला लागला होता. तीन पायऱ्या वर. मग थांबा, जिन्याच्या वळणावर म्हातारा माणूस कठडा धरून थांबतो तसा. मग एक बारीक शीळ. आणि शेवटी ओठ सुटल्याचा टिचकीएवढा आवाज, कवळी काढून ठेवलेल्या तोंडाचा. त्या तोंडाशेजारी ती हॉस्पिटलात नऊ दिवस स्टूल टाकून बसली होती.

"थांबव."

कानसेनने थांबवलं.

"हे बाबा आहेत," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली, आणि त्या मानेनेच बाकीचं सांगून टाकलं.

तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. खोलीत आंबलेल्या पावाचा वास भरला होता. कोपऱ्यात मांसाच्या आवाजासाठी आणलेले कोबीचे गड्डे चार दिवसांत काळे पडले होते, त्यांचा वास त्यात मिसळला होता. ती मोरीपाशी गेली, वाकली, काही आलं नाही. तिने कोपरांपर्यंत हात धुतले, पुन्हा धुतले आणि परत आली.

"केव्हा?"

"नवव्या दिवशी. दुपारी तू अंघोळीला घरी गेली होतीस तेव्हा. तीन तास होतो."

"आई होती तिथे."

"होत्या. काकूंना काही कळलं नाही. रेकॉर्डर शर्टाच्या खिशात होता." मग तो म्हणाला, "त्यांनी मला चहा दिला. थर्मासमधला."

"प्यायलास?"

"प्यायलो."

का कुणास ठाऊक, तिला त्या चहाचीच सगळ्यात जास्त शिसारी आली. आईने झाकणात ओतून पुढे केलेला तो चहा, आणि वीतभर अंतरावर खिशात चालू असलेलं ते यंत्र.

"चौदा वेळा केला गं मी," कानसेन म्हणाला. "पंप झाला, भाता झाला, सायकलची ट्यूब झाली. प्रत्येक वेळी हा दिग्दर्शक म्हणायचा, यात मरण नाही. मी मास्तरांना भेटायलाच गेलो होतो, खोटं नाही सांगत. रेकॉर्डर तर माझ्या खिशात कायमच असतो. बसल्या बसल्या हात गेला."

"हात गेला. आणि तीन तास तिथेच राहिला."



वडिलांचा एक नियम होता आणि या खोलीत शिकलेल्या प्रत्येकाला तो पाठ होता. वस्तूचा आवाज घ्यायचा, माणसाचा चोरायचा नाही. एकदा एका निर्मात्याने खऱ्या शोकाचं रेकॉर्डिंग कुठूनसं मिळवून आणलं होतं. मास्तरांनी आपली पिशवी उचलली आणि सरळ घरी आले. जाताना म्हणाले, रडणं हवं असेल तर मी दाराची बिजागरी रडवून देतो, पण हे माझ्या खोलीत वाजायचं नाही.

"नियम माहीत होता ना तुला?"

"माहीत होता," कानसेन म्हणाला. "म्हणून तर तुला सांगितलं नाही."

"मूळ लाव. न कापलेलं."

"नको, ताई."

तिने स्वतःच हेडफोन कानाला लावले. आधी वडिलांचा श्वास, अगदी जवळून. मग एका ढकलगाडीचं कुरकुरणारं चाक. आणि मग आईचा आवाज, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत बोलावं इतका साधा: "...तर आला बाई एकदाचा तो नळवाला. वायसर बदललं म्हणाला. आता एक थेंब गळत नाही. तुम्हाला त्या टपटपीने झोप लागायची नाही ना..."

तिने हेडफोन काढून टेबलावर उलटे ठेवले. हे बोलणं तिच्यासाठी नव्हतं, आणि टेबलापलीकडे बसलेल्या माणसासाठी तर नव्हतंच. त्या संध्याकाळीच वडिलांना आत अतिदक्षता विभागात हलवलं होतं. त्यानंतर दोन दिवस आईला ते काचेतूनच दिसले.

"काकूंचं बोलणं मी सगळं साफ केलंय," कानसेन म्हणाला. "एक शब्द राहू दिला नाही. कुठे जोड दिलाय तेही कळणार नाही." सांगताना आवाजात चांगल्या कामाचा बारीकसा तोरा होता. तो त्याचा त्यालाच ऐकू गेला असावा, कारण तो उठून वायरी गुंडाळायला लागला.

शुक्रवारी अकरा वाजता आई पहिल्या रांगेत बसणार होती. आधी नवऱ्याचं नाव वाचणार होती आणि मग तासाभराने दोनशे खाटांवर त्याला मरताना ऐकणार होती. तेवढं होऊ द्यायचं नाही, एवढंच मास्तरांच्या मुलीने ठरवलं. बाकी काय ते नंतर.

दिग्दर्शक आपल्या खोलीत पाय वर घेऊन बसला होता. तिने सांगितलं ते त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मला कल्पना होती," तो म्हणाला. "म्हणजे कानसेन बोलला नाही, आणि मीही विचारलं नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रडलो, ताई. खरंच. मला वाटलं, मास्तर जाता जाता सिनेमाला आपला श्वास देऊन गेले."

"दिला नाही त्यांनी. खिशात घालून आणला गेला."

"आयुष्य आवाजात गेलं त्यांचं. त्यांना आवडलं नसतं असं वाटतं तुम्हाला?"

"तुमचे वडील आहेत?"

"आहेत की."

"त्यांचा घ्या मग."

त्याने खिशातली बाटली काढली आणि बराच वेळ तळवे चोळले. "हा प्रसंग म्हणजे आख्खा सिनेमा आहे," तो शेवटी म्हणाला. "पंपाचा आवाज घालून मी तो मारणार नाही."

"गुरुवारपर्यंत वेळ द्या. मी करून देते. दोन्ही आवाज डोळे मिटून ऐका. माझा कमी पडला तर तसं सांगा. मग उरलेली तीन रीलं दुसऱ्या कुणाकडून भरून घ्या, आणि अर्पणपत्रिकाही दुसऱ्या कुणाच्या नावाने करा."

"धमकी देताय?"

"हो."

तो पुन्हा हसला. त्याला असं कुणी बोललं की बरं वाटायचं, हे तिला माहीत होतं. त्याची हीच गोष्ट तिला सगळ्यात नकोशी व्हायची.

बुधवारी तिने दार आतून लावून घेतलं. गळ्यातून आवाज काढायचा नाही, हे आधीच ठरलेलं होतं, वस्तूंमधूनच काढायचा. शेकायची रबरी पिशवी घेतली, तिच्या तोंडाला पत्र्याचं नळकांडं बसवलं, नळकांड्यावर ओलं मलमल ताणून बांधलं. पिशवी काखेत दाबली की हवा मलमलीतून अडखळत बाहेर यायची, सोडली की आत ओढली जायची. तिने एका परक्या म्हाताऱ्याचा श्वास करायला घेतला. लठ्ठ, दम्याचा, मोठमोठ्याने घरघरणारा. असा माणूस तिने कुठेच पाहिला नव्हता, म्हणून तो निवडला. दुपारपर्यंत तीस वेळा केला. ऐकायला बसली तर पिशवी होती नुसती. रबर, पत्रा आणि एक हट्टी बाई.

जेवणानंतर तिने विचार करणं सोडून दिलं आणि हातांना मोकळं सोडलं. हातांना सगळं येत होतं. तीन पायऱ्या कशा चढायच्या, तिसरी पहिलीपेक्षा किती आखूड, थांबा केवढा. सातव्या श्वासाला थांबा लांबतो आणि आठवा घाईघाईने त्याच्यावर येऊन आदळतो. शीळ कुठून येते, डाव्या कडेने. ओठ सुटल्याचा आवाज तिने दोन बोटं ओली करून ती माइकपाशी हलकेच विलग करून काढला, आणि पहिल्याच खेपेला तो बरोबर आला. इतका बरोबर आला की तिने बोटं लहानपणी फ्रॉकला पुसायची तशी विजारीला पुसली.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणजे त्या नऊ दिवसांत, हातात हात धरून बसलेली असताना, पाठीवरून हात फिरवताना, नर्सला हाका मारताना, तिच्यातलं कुणीतरी बाजूला बसून हे सगळं मोजत होतं. सातवा लांब. शीळ डावीकडे. कानसेनला निदान यंत्र लागलं होतं. तिला तेही लागलं नव्हतं.

तिने ते तसंच रेकॉर्ड केलं. हे रबर आहे, तिने स्वतःला बजावलं. पिशवी, मलमल, दोन बोटं. यात माणूस नाही.

गुरुवारी दुपारी दिग्दर्शक डोळे मिटून खुर्चीत बसला. कानसेनने पाठ फिरवून एक आवाज लावला, मग दुसरा. पहिल्याला दिग्दर्शकाच्या कपाळावर आठी आली. दुसऱ्याला त्याचे हात खुर्चीच्या हातांवर घट्ट झाले.

"सॉरी, ताई," तो डोळे न उघडता म्हणाला. "पहिला चांगला आहे, खूप मेहनत आहे त्यात. पण दुसऱ्याची गोष्ट वेगळी आहे. हे मास्तरच. हे कुणाला जमायचं नाही."

कानसेनने वळून तिच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पडला होता.

"दुसरा तिचा आहे," तो म्हणाला.

दिग्दर्शकाने डोळे उघडले, दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि टाळी वाजवली. एकच. "मग प्रश्नच मिटला," तो म्हणाला. "तुमचा घालू. मूळ रेकॉर्डिंग तुमच्याच घरचं, त्याचं काय करायचं ते तुम्ही ठरवा." आणि जेवायला गेला. त्याला खरोखरच भूक लागली होती.

कानसेनने तीन ठिकाणी ठेवलेलं रेकॉर्डिंग तिच्यासमोर काढलं. रेकॉर्डरमधलं कार्ड, कॉम्प्युटर, आणि कपाटातली जास्तीची डिस्क. पुसायला बसला आणि पुसेना.

"एक घरी ठेवू या का?" तो म्हणाला. "पेटीत वगैरे. कुणी ऐकायचं नाही, पण असावं."

"कशाला? जेवताना लावायला?"

"तसं नाही गं. काकूंना एकदा विचारू या."

"तिला यातलं अक्षर कळता कामा नये. तू तिच्या हातचा चहा पिऊन तिच्या नवऱ्याचं काय केलंस, हे मी तिला कुठल्या तोंडाने सांगू? पूस."

"ताई, त्यात काकूंचंही..."

"दादा, पूस. माझं पोट आता आणखी सहन नाही करणार."

त्याने पुसलं. तिन्हींकडून, एकामागून एक. ती त्याच्या खांद्यामागे उभी राहून बघत होती. शेवटचं पुसून झालं तेव्हा तिला वाटलं होतं की सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. कोबीचा वास तेवढा आला. तिने ते गड्डे पिशवीत भरले आणि बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून आली.

शुक्रवारी आई ठेवणीतली साडी नेसली होती. स्टुडिओतल्या छोट्या थिएटरात तीसेक माणसं होती. सगळ्यांनी उठून आईला नमस्कार केला, दिग्दर्शक तिच्या पायाशी वाकला, मेकअपवालीने तिला पाण्याची बाटली आणून दिली. कानसेन सगळ्यात मागच्या रांगेत जाऊन बसला. दिवे गेले. काळ्या पडद्यावर मास्तरांचं नाव आलं, चार सेकंद राहिलं आणि गेलं.

"लहान अक्षरात घातलंय," आई कुजबुजली. "पण चांगलं दिसत होतं, नाही?"

"चांगलं होतं."

पन्हळीच्या प्रसंगाला आईने तोंड फिरवलं. "शी," ती म्हणाली, "हे तू केलंस?" आणि मुलीने हो म्हटल्यावर तिने मांडीवर चापट मारली, लहानपणी मारायची तशी. मुलीला हसू आलं. बावीस दिवसांत पहिल्यांदा. तिला वाटलं, निभावलं.

मग दालन आलं. दोनशे खाटा. आईचा हात आधी नुसता तिच्या हातावर होता, तो हळूहळू आवळत गेला. पडद्याकडे बघत आई अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "अहो."

शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने वळून बघितलं.

"आई, ते बाबा नाहीत," ती कानाशी लागून म्हणाली. "मी आहे. मी केलाय तो. शेकायच्या पिशवीने."

"मला सांगतेस?" आई म्हणाली. "मला त्यांचा श्वास कळत नाही?"

"त्यांचाच होता आधी. कानसेनने तिथे रेकॉर्ड केला होता, आपल्याला न सांगता. तुला ऐकू येऊ नये म्हणून मी तो काढला आणि दुसरा केला. मला वाटलं नव्हतं इतका..."

आई पडद्याकडेच बघत होती. तिथे श्वास चालूच होता. सातवा लांबला, आठवा त्याच्यावर येऊन आदळला.

"कधी केला होता रेकॉर्ड?"

"नवव्या दिवशी. दुपारी."

"मी होते तेव्हा."

"हो."

"मग मीही असेन त्यात."

आईने मान वळवून तिच्याकडे बघितलं. अंधारातही तो चेहरा स्पष्ट दिसत होता. तिला वाटलं होतं त्यातलं काहीच त्या चेहऱ्यावर नव्हतं. राग नव्हता, किळस नव्हती. आशा होती.

"होतीस," ती म्हणाली. "बोलत होतीस त्यांच्याशी."

"किती वेळ?"

"तीन तास."

"कुठे आहे ते?"

"पुसलं. काल. मीच पुसायला लावलं."

पडद्यावर कुणीतरी एकेक तोटी आवळत खाटांमधून चाललं होतं. त्याच्या बुटांचा आवाज वडिलांनी केला होता, जूनमध्ये, पाय दुखत असताना.

"मला आठवतच नाही गं, मी काय बोलले ते," आई म्हणाली. "त्यानंतर आत नेलं त्यांना. रोज बसते आठवायला. एवढं कळतं की बोलत होते, पुष्कळ बोलत होते. पण काय, ते एक अक्षर आठवत नाही. काहीतरी चांगलं बोलले असेन ना?"

"मी थोडंसंच ऐकलं. पुढचं ऐकवलं नाही मला."

"काय ऐकलंस?"

"नळवाला येऊन गेला, असं सांगत होतीस. वायसर बदललं. आता गळत नाही."

पुढचं ऐकायला आई थोडी तिच्याकडे झुकली होती.

"आणि?"

"तुम्हाला त्या टपटपीने झोप लागायची नाही, असं म्हणालीस."

"आणि?"

"एवढंच, आई."

आईने तिच्या हातातला आपला हात सोडवून घेतला आणि मांडीवर ठेवला. मुलगी पडद्याकडे बघत बसली. श्वास एकेक करून कमी होत होते, तिने मोजून दिल्याप्रमाणे, आणि मागच्या रांगेत कुणीतरी वाहवा केल्यासारखं हळूच हुंकारलं.